राहिलेली नस

ऑपरेशनला नावं ठेवणाऱ्यांशी मी आजही भांडते. कुणी म्हणालं, "बाई, त्या बायपासनंच तुमचे मालक गेले," की माझं टाळकं सटकतं. मग ती लग्नाची पंगत असो नाहीतर एसटी असो. ऑपरेशन झकास झालं होतं. डॉक्टरांनी शिवलेली नस शेवटच्या दिवशीही वाहत होती, मी या डोळ्यांनी पडद्यावर पाहिली आहे. आमचे हे गेले ते दुसऱ्या नसेनं, जी करायची राहिली होती तिनं. एवढं सांगून मी तोंड मिटते, कारण पुढचा प्रश्न ठरलेलाच असतो. "मग ती का राहिली?" या प्रश्नाचं उत्तर मी दीड वर्ष खोटं देत होते.

आम्ही लोहाऱ्याचे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होते. पाचवी ते सातवीला विज्ञान शिकवायचे. यांचं मोटार वायंडिंगचं दुकान. शेतकऱ्याची विहिरीवरची नाहीतर बोअरची मोटार जळाली की ती जीपमध्ये घालून दुकानात यायची. हे जळकी तार उपसून काढायचे आणि नवी गुंडाळायचे. दिवसभर खाली मान घालून बसायचे, तोंडातून शब्द नाही. आणि मी? तेलात पडलेली मोहरी. सकाळी दूध उतू गेलं तरी माझा आवाज चौकापर्यंत जायचा. हे नुसतं हसायचे. म्हणायचे, "मास्तरीणबाई, व्होल्टेज लई वाढलाय आज. जरा दमानं घ्या, फ्यूज उडंल."

दुखणं सुरू झालं ते दाढेपासून. एकदा दुकानात मोटार उचलताना यांच्या जबड्यात कळ आली. घरी येऊन म्हणाले, दाढ दुखतेय. मी म्हटलं, "खा अजून तंबाखू. चुना कमी पडतोय का, आणून देऊ?" पंधरा दिवस मी त्या दाढेवरून यांना धारेवर धरलं. लवंग झाली, तुरटी झाली. मग एका सकाळी अंगणात बादली उचलताना हे मटकन खाली बसले. कपाळाला घाम, चेहरा राखेसारखा. उमरग्याच्या डॉक्टरांनी छातीची ईसीजीची पट्टी काढली आणि म्हणाले, दाढ नाही बाई, काळीज आहे, आजच्या आज सोलापूर गाठा. हृदयाचं दुखणं जबड्यात येऊ शकतं, हे मला ठाऊक नव्हतं. विज्ञान शिकवणारी मी!

सोलापूरला तपासणी झाली. तिथल्या डॉक्टरांनी कागदावर हृदय काढलं. वय फार नव्हतं त्यांचं, पण बोलणं शांत. दोन नसा खराब आहेत म्हणाले. पुढची मोठी नस अगदी मुळाशी बंद व्हायला आली आहे, तिथं स्प्रिंग, म्हणजे स्टेंट, बसवणं बरं नाही, बायपासच करावी लागेल. पण छातीचं हाड कापायचं नाही. डाव्या छातीखाली छोटी चीर द्यायची, दोन बरगड्यांच्या मधून आत जायचं, छातीच्या आतल्या बाजूची एक नस सोडवून घ्यायची आणि चालत्या हृदयावरच ती जोडायची. उजवीकडची दुसरी नस आत्ता नाही. ही जखम भरली की सहा आठवड्यांनी मनगटातून तार घालून तिच्यात स्प्रिंग बसवायची. दोन दिवसांचं काम.

यांनी कागद स्वतःकडं ओढला. बराच वेळ बघितला. मग म्हणाले, "म्हंजे दोन फेज गेलेत. एक आत्ता जोडणार, दुसरा मागनं."

डॉक्टर हसले. "अगदी तसंच. पण मधेच थांबायचं नाही हं, काका. दुसरी केल्याशिवाय काम पुरं होत नाही."

"थांबतोय कशाला? कमी फेजवर मोटार पळवू नका, जळंल, म्हणून मीच रोज लोकांच्या कानीकपाळी ओरडतो."

हे यांचे शब्द. मी शेजारी बसून ऐकले होते.

ऑपरेशनच्या दिवशी मी आणि आक्का बाहेरच्या बाकावर बसलो. आक्का म्हणजे यांची थोरली बहीण. मुरूमला असतात, लवकर विधवा झालेल्या. यांची आई लहानपणीच गेली, तेव्हा आक्कांनीच यांना लहानाचं मोठं केलं. कपाळावर विभूतीचे पट्टे, बोलताना मधेच कानडी, आणि माझ्याशी तीस वर्षांचं शीतयुद्ध. आज सोमवार, आज अमावस्या, लिंगपूजा झाली का, जंगमस्वामींना जेवायला बोलावलं का, हे त्यांचं चालायचं आणि मी प्रत्येक गोष्टीत आडवी जायची. त्या दिवशी मात्र आम्ही एकमेकींना चिकटून बसलो होतो.

चार तास सांगितले होते. पाच झाले. आमच्या शेजारी निलंग्याकडची एक बाई बसली होती. तिच्या मालकाचंही हृदयाचंच काहीतरी होतं. आम्ही दोघींनी एकाच डब्यातली पोळी खाल्ली होती, तिची मला सुनेबद्दलची सगळी गाऱ्हाणी सांगून झाली होती. मग नर्सनं दार उघडून तिला आत बोलावलं. ती पदर सावरत, एकाच पायात चप्पल घालून गेली. दार मिटलं आणि आतून तिचा आवाज आला. तो आवाज कसा होता ते मी सांगणार नाही. त्यानंतर ते दार उघडलं की मला वाटायचं, आता माझी पाळी.

तेव्हा मी नवस बोलले. सातवीच्या पोरांना फळ्यावर हृदयाचे चार कप्पे काढून दाखवणारी, देवळाबाहेर चपला सांभाळत उभी राहणारी मी. म्हटलं, रामलिंगा, हे दार उघडून माझा माणूस जिता बाहेर येऊ दे. येडशीपासून अनवाणी तुझ्यापर्यंत चालत येईन, अभिषेक करीन, पाच जंगम जेवू घालीन. आक्कांनी ऐकलं. नुसता माझा हात धरून ठेवला.

आणि हे आले बाहेर. नळ्या होत्या, तोंड सुजलेलं होतं, पण आले. दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसले, तिसऱ्या दिवशी चालले, सहाव्या दिवशी घरी. बरगड्या मात्र फार दुखायच्या. खोकला आला की उशी छातीशी कवटाळायचे आणि डोळ्यांतून पाणी यायचं. छोटी चीर म्हणजे दुखत नाही असं ज्याला वाटतं, त्यानं यांचा तो खोकला ऐकायला हवा होता.

घरी रीघ लागली. नारळ, केळी, बिस्किटाचे पुडे. आमच्याकडं आजाऱ्याला भेटायला येणारा माणूस जखम बघितल्याशिवाय उठत नाही. "दाखवा की, कुठं कापलं?" हे सदरा वर करायचे. चार बोटांची चीर, तीही छातीखालच्या घडीत लपलेली. बघणाऱ्याचा चेहराच पडायचा. "एवढीच?" पलीकडच्या गल्लीतले एक म्हातारे आले होते. त्यांचं जुन्या पद्धतीचं ऑपरेशन झालेलं. त्यांनी आपल्या सदऱ्याची बटणं काढली आणि गळ्यापासून पोटापर्यंतचा व्रण सगळ्यांना दाखवला. "ह्याला म्हणायचं बायपास! तुमचं म्हंजे काटा काढल्यासारखं झालं." हे बरगड्या धरून हसत होते. "काका, हसवू नका हो, टाका तुटंल माझा."

मीही हसले. खरं सांगायचं तर मला ते काटा काढल्यासारखंच वाटायला लागलं होतं. एवढीशी चीर, म्हणजे एवढंसंच दुखणं. तोंडानं असं कुणी म्हणालं नाही, पण घरातल्या सगळ्यांच्या मनात ते जाऊन बसलं. महिन्याभरात हे दुकानाच्या पायरीवर जाऊन बसायला लागले. उचलाउचल करायची नव्हती, पण हातात तार घेऊन बसलं की यांना बरं वाटायचं.

पाचव्या आठवड्यात मी नवस फेडायचा घाट घातला. आमच्याकडं म्हणतात, नवस उरावर ठेवू नये. घाई माझीच होती. मुलगी पुण्याहून फोनवर म्हणाली, "आई, दुसरं होऊ दे ना आधी, मग एकदम जा." मी म्हटलं, "तुला काय कळतंय?" येडशीपासून मी अनवाणी चालले. पाय पोळले, खडे टोचले, पण मनातून मी उडत होते. हे आणि आक्का जीपमधून पुढं गेले होते. रामलिंगाला दरीत उतरायच्या पायऱ्या आहेत. खाली अभिषेक झाला, झाडाखाली जंगमांची पंगत बसली. एका माकडानं आक्कांच्या हातातली पुरणपोळीच पळवली, तेव्हा आक्कांनी त्याला कानडीत अशी काही शिवी दिली की जंगमही हसले.

मग पायऱ्या चढायची वेळ आली. मी म्हटलं, हळू, बसत बसत या. हे एकदाही बसले नाहीत. सावकाश, पण एका दमात वर आले. वरच्या पायरीवर उभं राहून मला म्हणाले, "बघ, तुझा देव चांगला मेकॅनिक निघाला." माझ्या छातीत आनंद मावत नव्हता. घरी आल्यावर जो भेटेल त्याला मी सांगत होते, रामलिंगाच्या पायऱ्या एका दमात चढले, ठणठणीत झाले, आता काही नाही. माझ्या वर्गातल्या एखाद्या पोरानं एका प्रयोगावरून असा निष्कर्ष काढला असता तर मी त्याला ओणवं उभं केलं असतं.

आठवड्यानं सोलापूरहून फोन आला. मी अंगणात मेथी निवडत होते. हे फोन ठेवून माझ्याजवळ आले, उकिडवे बसले.

"बुधवारी या म्हणत्यात. दुसऱ्या नसेसाठी. जायचं का गं?"

"कशाला?" मी मान वर केली नाही. "बरे आहात की."

"डॉक्टर म्हनले होते न्हवं, पुरं करायचं म्हणून."

"नवस फेडलाय," मी म्हटलं.

मला स्वतःलाच माझ्या तोंडातला तो शब्द ऐकून नवल वाटलं. पण तो निघाला आणि मी त्याच्या आड बसले. मी मेथीची देठं मोडत राहिले. डोळ्यांपुढं देव नव्हता, काही नव्हतं. बाक होता. दार होतं. त्या निलंग्याच्या बाईची एका पायात घातलेली चप्पल होती. मला तिथं परत बसायचं नव्हतं. बास. एवढंच होतं.

दुसऱ्या दिवशी जेवताना यांनी परत विषय काढला. "अगं, दोन दिसांचं काम. मनगटातनं करत्यात. चीर सुदिक न्हाय."

मी ताट सरकवलं. भाजी फरशीवर सांडली. "मग जा एकटेच! नाहीतर तुमच्या आक्काला न्या. मी येणार नाही. एकदा मेले मी त्या बाकावर, परत मरायला येणार नाही!"

हे उठले. मग फडकं आणून स्वतः भाजी पुसली. म्हणाले, "बरं बरं. जेव तू."

तिसऱ्या दिवशी सकाळी आक्का मुरूमहून दत्त म्हणून दारात. पाणीही न पिता म्हणाल्या, "हे बघ, आमच्या घराण्यात नवस फेडला की त्या दुखण्याचं नाव काढत न्हाईत. परत दवाखान्याची पायरी चढली म्हंजे देवावर इस्वास न्हाय असं व्हतंय. आता साकू. बास झालं दवाखाना."

एरवी मी आक्कांचं ऐकून घेतलं असतं होय? असली रीत कुठं लिहून ठेवलीय, दाखवा, म्हणून मी त्यांचा जीव खाल्ला असता. तीस वर्षांत एका गोष्टीला मी त्यांना हो म्हटलं नव्हतं. त्या दिवशी म्हटलं, "आक्का म्हणतील तसं." आणि माझ्या अंगावरून ओझं उतरलं. हे खाटेवर बसून सुपारी कातरत होते, त्यांनी वर बघितलं नाही. मुलीचा फोन आला. ओरडायला लागली, "आई, तू सायन्स शिकवतेस ना गं?" मी फोन आक्कांच्या हातात दिला आणि चहा टाकायला आत गेले.

त्यानंतरचे पाच महिने माझ्या संसारातले सगळ्यात गोड महिने. तंबाखू सुटली होती, खिशात बडीशेप असायची. संध्याकाळी आम्ही उमरग्याच्या रस्त्यानं चालायला जायचो. तीस वर्षांत आम्ही कधी असे जोडीनं फिरलो नव्हतो, लोक काय म्हणतील म्हणून. आता लोकच म्हणायचे, डॉक्टरनं सांगितलंय, चालू द्या. हे बोलायला लागले होते. लहानपणी मुरूमला आक्का यांना खांद्यावर बसवून बाजारात न्यायच्या, ते सांगायचे. एकदा म्हणाले, "तू चिडलीस की मला बरं वाटतं बघ. घर चालू हाय असं वाटतं." त्या महिन्यांची आठवण आली की मला अन्न गोड लागत नाही.

नंतर एका सकाळी दुकानात हे एका मोटारीची चाचणी घेत होते आणि स्टुलावर बसल्या बसल्या कलंडले. इथल्या सरकारी दवाखान्यातून रुग्णवाहिकेनं सोलापूरला निघालो. नळदुर्गापर्यंत यांनी माझा हात घट्ट धरला होता, पुढं तो सैल झाला. आधीच्या दवाखान्यापर्यंत न्यायला वेळ नव्हता. शहरात शिरताना जो मोठा दवाखाना पहिला लागला तिथंच आत घेतलं. दुपार सरायच्या आत हे गेले.

तिथल्या डॉक्टरांनी मला पडद्यासमोर नेलं. काळ्यापांढऱ्या चित्रात एक बारीक रेघ सळसळत होती. "ही तुमची बायपासची नस. बघा किती छान वाहतेय. काम उत्तम केलंय." मग बोट उजवीकडं नेलं. तिथं रेघ मधेच तुटली होती. "ही बंद पडली. आम्ही उघडली, पण उशीर झाला होता. हिचं काही करायचं ठरलं नव्हतं का?"

मी म्हटलं, "ठरलं होतं."

आमच्यात जाळत नाहीत, माती देतात, तीही मयताला बसवून. अंघोळ घालताना माणसं वाकून वाकून चीर शोधत होती. तेव्हाही कुजबूज होतीच. एवढ्याशा भोकातून काय ऑपरेशन होतंय, मोठं केलं असतं तर वाचले असते. मी उठून ओरडले असते, पण माझ्यात त्राण नव्हतं. ते आलं तिसऱ्या दिवशी. घर भरलेलं होतं. आक्का कोपऱ्यात भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी सगळ्यांसमोर त्यांच्यावर बोट रोखलं. "यांनी मारलं माझ्या माणसाला! यांच्या रीतीनं खाल्लं! दोन दिवसांचं काम होतं, यांनी करू दिलं नाही. नवस फेडलाय म्हणे! कुठल्या घराण्यात आहे हो असली रीत?" मुलगी माझं तोंड धरत होती, मी तिच्या हाताला चावले. आक्का एक शब्द बोलल्या नाहीत. उठल्या, पिशवी घेतली आणि जीप बघायला निघून गेल्या.

दीड वर्ष आम्ही बोललो नाही. लोक विचारायचे, दुसरी नस का राहिली? मी सांगायचे, नणंदेनं नको म्हटलं, नवसाची रीत आडवी आली. लोक चुकचुकायचे. जुनी माणसं बाई, काय करता! आणि मला तेवढ्यापुरतं हलकं वाटायचं. मुरूमच्या बाजाराहून आलेली एक बाई म्हणाली, तुमच्या आक्का आता कुणाच्या बारशाला, लग्नाला जात नाहीत, लोक तोंडावर बोलतात त्यांना. मी म्हटलं, करावं तसं भरावं.

मग एका सकाळी फोन वाजला. सोलापूरच्या त्या पहिल्या दवाखान्यातून एक मुलगी बोलत होती. बारीक चिरेची बायपास झालेल्या पेशंटांची दोन वर्षांनी चौकशी करत आहोत, चार प्रश्न विचारू का, म्हणाली. आवाज कोवळा, माझ्या एखाद्या जुन्या विद्यार्थिनीसारखा. "काकांना छातीत दुखतं का? जिना चढताना दम लागतो का?"

मी सांगितलं, ते नाहीत. ती गडबडली. "सॉरी मॅडम. आम्हाला माहीत नव्हतं." फोन ठेवेल असं वाटलं. पण तिला कागद भरायचा होता. कशानं गेले, कधी गेले, हळू आवाजात विचारत होती. बायपासच्या जागी काही त्रास झाला होता का? मी म्हटलं, "नाही. ती शेवटपर्यंत वाहत होती. तेवढं नीट लिहा." मग ती म्हणाली, "दुसऱ्या नसेत स्प्रिंग बसवली नव्हती असं दिसतंय. कारण काय लिहू? अंतर लांब, दुसरं आजारपण, पेशंटचा नकार, की इतर?"

माझ्या तोंडावर उत्तर तयार होतं. नणंद, नवस, रीत. शंभर वेळा म्हटलेलं. ते निघेचना.

"मॅडम? पेशंटचा नकार लिहू का?"

"नको," मी म्हटलं. "त्यांनी नकार दिला नव्हता. त्यांनी मला दोनदा विचारलं होतं, जायचं का म्हणून. मी नको म्हटलं. मला भीती वाटली. मला परत त्या बाकावर बसायचं नव्हतं."

पलीकडं कागद सळसळला. मग ती म्हणाली, "ते मी 'इतर'मध्ये लिहिते, मॅडम."

मी घराला कुलूप लावलं, जीप पकडली आणि मुरूमला गेले. आक्का ओट्यावर बसून तूर पाखडत होत्या. किती वाळल्या होत्या! मला बघून सूप खाली ठेवलं, पण या म्हटलं नाही. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. वाटेत जुळवलेलं सगळं विसरले आणि भडाभडा बोलले. की तुम्ही यायच्या आधीच मी नको म्हटलं होतं. ताट सरकवलं होतं. तुम्ही रीत सांगितलीत तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. आणि तरी सगळा आळ तुमच्यावर घातला.

आक्कांनी सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"मला ठाव हाय," त्या म्हणाल्या. "त्यानं फोन केलता मला. तू ताट सरकवलंस त्याच दिशी."

मला कळेना.

"म्हनला, आक्का, ती लई घाबरलीया. तिला त्या बाकावर परत बसवायचं न्हाय मला. आन् तिला सोडून गेलो तर ती हितं एकटी मरंल भ्यानं. मी आता बरा हाय, सा म्हैन्यानं बघू, तिची भीती जिरली की जाऊ. तवर तू येऊन नवसाचं कायतरी सांग, म्हंजे तिला वाटायचं न्हाय की तिच्यामुळं राहिलं." आक्कांनी पदरानं नाक पुसलं. "असली रीत आमच्यात कुठनं आली? न्हाय. म्याच रचली जीपमधी बसून."

"आक्का, मग त्या दिवशी सगळ्यांसमोर का नाही बोललात? मी एवढं तोडलं तुम्हाला."

"त्याला त्येच इचारलं हुतं मी. म्हनलं, उद्या काय झालं तर ती माझा जीव घेईल. त्यो हसला. म्हनला, घेऊ दे. चिडलेली असली म्हंजे ती तग धरती, आक्का. चिडायला कुणी नसलं तर मग तिचं काय खरं न्हाय."

मग त्यांनी सूप बाजूला सारलं आणि मला जवळ ओढलं. हे गेल्यापासून मी एकदाही रडले नव्हते. त्या दिवशी आक्कांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले, आणि त्या कानडीत काहीतरी पुटपुटत माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या.